घुबडाचा ठराव

आमच्या गावानं घुबडाला माफ केलं तेव्हा मी पहिल्या रांगेत सतरंजीवर बसले होते. ग्रामसभा होती. सरपंचानं विचारलं, "सगळ्यांना मान्य?" आणि झाडून सगळ्यांचे हात वर गेले. घुबड ओरडलं की चुलीत मीठ टाकणाऱ्यांचेसुद्धा. ठराव सर्वानुमते मंजूर, टाळ्या, झालं. आजपासून घुबड अपशकुनी नाही. मीही हात वर केला होता, सगळ्यांच्या आधी. ते घुबड माझ्याच विहिरीतलं होतं, आणि मला वाटलं होतं की त्याच्या मागोमाग माझाही नंबर लागेल.

म्हणजे काय, ते सांगते.

आमचं शेत कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला, कॅनॉलच्या खालच्या अंगाला. शेतात आजेसासऱ्यांच्या काळातली दगडी विहीर आहे. तिच्या वरच्या अंगाचे काही दगड निसटून भिंतीत कोनाड्याएवढं भगदाड पडलंय. त्यात घुबडाचं जोडपं राहायचं. पांढऱ्या तोंडाचं. गव्हाणी घुबड म्हणतात त्याला, हे मला फार पुढं कळलं. आम्ही नुसतं घुबड म्हणायचो, तेही आवाज उतरवून.

लेक सातवीत होती तेव्हा मालक मोसंबीचा टेम्पो घेऊन निघाले आणि शहागडच्या अलीकडं हायवेवर एका ट्रकनं त्यांना उडवलं. आदल्या संध्याकाळी आमच्या आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या खोपीच्या, पत्र्यावर घुबड बसलेलं दिरानं बघितलं होतं. मंग काय, पुरे झालं तेवढं! ट्रकवाला पळून गेला तो गेलाच, दोष आला घुबडावर. आणि तेरावं होईस्तोवर तो घुबडावरून सरकत सरकत माझ्यावर आला. सासू रडता रडता मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "पांढऱ्या पायाची आली गं घरात." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पोटी पोर होती, शेतात मोसंबीची बाग मी ह्यांच्या बरोबरीनं वाढवलेली. तेव्हा माझे पाय कुणी बघितले नव्हते.

दीर एका दुपारी कडब्याच्या पेंढ्या आणि काडेपेटी घेऊन विहिरीवर निघाले. घरट्यात धूर करायचा होता. मागून जाऊ, म्हणजे त्यांची बायको, पदर खोचून. मी पळत गेले आणि विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसले. म्हटलं, "भाऊजी, आधी मला ढकला. मंग ह्यांना धूर द्या. एकदाच काय तो निकाल लागू द्या."

दीर थांबले. जाऊ म्हणाली, "हिचं डोकं फिरलंय, चला." आणि गेले दोघं.

मला घुबडाची माया होती म्हणून मी बसले असं कुणाला वाटेल. अजिबात नाही. पिल्लं त्या भगदाडातून फिस्स फिस्स करायची तेव्हा माझ्याही अंगावर काटा यायचा. पण मला राग आला होता. ज्यानं काही केलं नाही त्याला का जाळता? एवढंच. माझ्याकडं त्या दिवसांत रागाशिवाय दुसरं काही शिल्लक नव्हतं, मंग तोच कामाला लावला.

पुढची वर्षं आम्ही दोघं, घुबड आणि मी, एकाच नावानं ओळखले गेलो. सकाळी कुणी मोटरसायकल काढून कामाला निघालं आणि मी समोर आले, की गडी गाडी बंद करायचा, थोडा थांबायचा आणि मंगच पुन्हा किक मारायचा. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही. फक्त गाडी बंद पडायची. हळदीकुंकवाचं बोलावणं माझ्या शेजारच्या दारापर्यंत यायचं आणि माझं दार ओलांडून पुढच्या घरी जायचं. लग्नाला बोलवायचे, नाही असं नाही, पण कसं? "वहिनी, भाजी चिरायला माणूस कमी पडून राह्यलं, जल्दी या." भाजी माझ्या हातची चालायची. हळद नाही.

एकदा दिवाळीच्या तोंडावर मोटरसायकलवर दोघं अनोळखी माणसं जाळं आणि पोतं घेऊन थेट विहिरीवर आल्ती. "मामी, अमावस्येला लागतंय, एकच नेतो," म्हणे. कसल्या तरी मांत्रिकाला द्यायचं होतं. मी कापूस वेचत होते. तिथून खुरपं घेऊन अशी सुटले की त्यांचं जाळं तिथंच राहिलं. त्या जाळ्यावर मी पुढं दोडक्याचा वेल चढवला. गावात कुणाला सांगितलं नाही. सांगून काय? म्हणाले असते, नेऊ द्यायचं होतं की, बला टळली असती.

आणि मंग संभाजीनगरहून पाखरं वाचवणाऱ्या एका संस्थेची माणसं आली. त्यांची एक मॅडम होती, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, वयानं माझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी. ती घुबडं शोधत गावोगाव फिरत होती. माझ्या विहिरीत वाकून बघितलं आणि माझा हात धरून आनंदानं उडीच मारली तिनं. म्हणाली, "ताई, ही जात या पट्ट्यातून संपत चाललीय. जुन्या विहिरी बुजवल्या, उंदराला विष घातलं, विष खाल्लेले उंदीर खाऊन घुबडं मेली. तुमच्याकडं मात्र घरटं चालू आहे. तुमच्यामुळं वाचली ही."

तुमच्यामुळं. बाई गं! माझ्या बाबतीत 'तुमच्यामुळं' म्हटलं की पुढं गेला, बुडाला, वाटोळं झालं असंच काहीतरी यायचं. त्या पोरीनं पहिल्यांदा पुढं 'वाचली' म्हटलं. मी तिला आखाड्यात बसवून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाऊ घातली. ती गेल्यावर बांधावर बसून पोटभर रडले.

तिनं गाव फिरून काढलं. पडद्यावर चित्रं दाखवली, एक घुबडाचं जोडपं किती उंदीर मारतं ते सांगितलं. पहिले काही दिवस पोरं हसली, म्हातारे थुंकले. मंग सरपंचाला कुठून तरी कळलं की अशा गावांची बातमी टीव्हीवर येते, पुरस्कार मिळतो, साहेब लोक भेट द्यायला येतात. झालं! एका पंधरवड्यात वारं फिरलं. उसाच्या फडात कुणी विष टाकायचं नाही असं ठरलं, आणि खरोखर कुणी टाकलं नाही. झाडांवर घुबडांच्या घरट्यासाठी लाकडी पेट्या बसल्या. ज्या म्हाताऱ्यानं ह्यांच्या मातीला घुबडाच्या नावानं कडकडा बोटं मोडली होती, तो चौकात उभा राहून सांगायला लागला, "अरे, लक्ष्मीचं वाहन हाय ते, बिलकुल त्रास द्यायचा न्हाई!" मी ऐकलं आणि मला हसू आलं. बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

त्याच सुमाराला लेकीचं लग्न ठरलं. ती जालन्याला बियाण्याच्या कंपनीत कामाला होती. मुलगा राजूरकडचा, घर चांगलं, माणसं देवभोळी. दीर आणि जाऊ कन्यादानाला बसणार हे कुणी न विचारताच ठरून गेलं. बसा बापडे. माझं मागणं एकच होतं. माझ्या लेकीला हळद मला लावायची होती. पहिली नको, पाचवी नको, शेवटची का असेना. जिला न्हाऊ घातलं, जिच्या केसातल्या उवा काढल्या, जिचा ताप रात्रभर उशाशी बसून उतरवला, तिच्या गालाला एका बोटानं हळद. लेकीला एकदा फोनवर म्हटलं तर ती म्हणाली, "हो गं आई, बघू." मी ते हो धरून चालले.

म्हणून ग्रामसभेत, टाळ्या थांबल्यावर, मी उभी राहिले. म्हटलं, "सरपंच, एवढा चांगला ठराव केला, त्यात एक ओळ वाढवा. घुबडाचा डाग पुसला तसा आम्हा बायांचाही पुसा. नवरा गेलेल्या बाईला शुभकार्यात मागं सारायचं न्हाई, एवढंच लिहा."

सरपंच माझ्याकडं न बघता म्हणाला, "ताई, हा विषय पत्रिकेवर न्हाई."

"घुबड तरी कधी होतं पत्रिकेवर? परवा घातलं न् तुम्ही!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात शाळेतल्या बाई उठल्या. त्या आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीतल्या, सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "मंग पुढच्या पत्रिकेवर घ्या. काय हरकत आहे? आमच्या घरी नातीच्या लग्नात माझ्या सासूबाईंनी सगळं पुढं होऊन केलं, त्यांनाही मालक नव्हते. काही आभाळ कोसळलं न्हाई."

"तुमचं वेगळं हो बाई," एक जण म्हणाला. "तुमच्यात चालतं."

"तुमच्यातही कालपर्यंत घुबड चालत नव्हतं," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

सरपंचानं घसा खाकरला. "लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे. घाई करून चालत न्हाई. बघू पुढं." आणि चहा आला. माझी जाऊ बायांच्या घोळक्यात बसली होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी भर सभेत पदर पाडला होता. बाकीच्या बाया मूग गिळून. त्यांतल्या तिघी-चौघी माझ्यासारख्याच होत्या, त्याही.

मी सरपंचाच्या शेजारी बसलेल्या मॅडमकडं बघत होते. वाटत होतं, ही बोलेल. शिकलेली आहे, हिचं ऐकतात. ती हातातल्या कागदांच्या कडा सारख्या करत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर आली तेव्हा मी सरळ विचारलं. ती ओशाळली. म्हणाली, "ताई, मला कळतं. मी स्वतः असलं काही मानत नाही. पण हे सगळं काम लोकांच्या पाठिंब्यावर उभं आहे. आत्ता कुठं गाव जवळ आलंय. दोन्ही गोष्टी एकदम हलवल्या तर लोक बिथरतील. मग पेट्याही जातील, घुबडंही जातील."

तिचं म्हणणं बराबर होतं. तेच जास्त झोंबलं. ती खोटी असती तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण तिनं हिशोब बरोबर मांडला होता, फक्त त्यात मी वजा होते. म्हटलं, "जाऊ द्या मॅडम. पाणी प्या."

मंग उद्घाटन झालं. कुठं? माझ्याच विहिरीवर. साहेब आले, टीव्हीवाले आले, घुबडाचं तोंड छापलेलं फ्लेक्स बांधाला लागलं. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की नवीन बोअरला पाणी लागल्यावर ओटी भरतो तशी विहिरीची ओटी भरावी, घुबड लक्ष्मीचं म्हणून. पाच सवाष्णी बोलावल्या. जाऊ सगळ्यांच्या पुढं, नव्या पैठणीत. खण, नारळ, हळदीकुंकू. मी वर्षानुवर्षं ज्या दगडावर बसून त्या घरट्याची राखण केली, त्या दगडाला जावेनं कुंकू लावलं. आणि मी? मला सरपंचानं हळूच सांगितलं, "ताई, तुम्ही जरा मोटारीच्या खोलीकडं थांबा, पाहुण्यांच्या चहाचं बघा." तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी थांबले. पातेलं उकळलं तरी माझं लक्ष नव्हतं, सगळा चहा उतू गेला.

नंतर मला स्टेजवर बोलावून शाल दिली, 'घुबडमित्र' म्हणून. शाल चालते. शालीला कुंकू लागत नाही.

एवढं मात्र सांगितलं पाहिजे, ते काम खरंच यशस्वी झालं. पेट्यांत घुबडं आली, अंडी घातली. दिवाळीत पोरं पाळीपाळीनं पहारा द्यायला लागली. संध्याकाळी बांधावर बसलं की पांढरी पिल्लं पहिल्यांदा पंख झाडताना दिसायची आणि दिवसभर माझं तोंड टाळणारी माणसं माझ्या बांधावर येऊन मान वर करून बघत बसायची. मी जवळ गेले की सरकून जागा द्यायची. घुबड बघताना त्यांना मी चालत होते. उठून घरी निघाली की पुन्हा तीच माणसं, तीच मी.

लग्नाच्या आदल्या दुपारी हळद होती. दारात मांडव, राजूरहून नवऱ्याकडच्या बाया उष्टी हळद घेऊन आल्त्या. लेक पाटावर बसली होती, हिरवा चुडा, डोक्याला मुंडावळ्या. काय दिसत होती माझी बाई! मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. तेवढ्यात मॅडम आली. तिला आमंत्रण होतं. आहेर म्हणून तिनं काचेच्या फ्रेममधला मोठा फोटो आणला होता, आमच्याच विहिरीतली घुबडाची पिल्लं, भगदाडातून तोंड काढून बसलेली. बायांनी कौतुक केलं. राजूरकडची एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, साक्षात लक्ष्मीच आली की दारात!" जावेनं फोटो घेतला, देवकाच्या शेजारी पाटावर मांडला, आणि लेकीला लावायच्या वाटीतली हळद बोटानं घेऊन फोटोला लावली. वर कुंकू. दोन अक्षता.

मला काय झालं, मला माहीत नाही. लेकीच्या हळदीतली हळद. फोटोला! मी पुढं गेले. कुणी अडवायच्या आत वाटीत बोटं घातली. जाऊ ओरडली, "अगं, काय करून राह्यलीस!" बायांचं गाणं तुटलं. मी कुणाकडं बघितलं नाही. मी फक्त तो गाल बघत होते.

लेकीनं माझं मनगट धरलं.

हलकेच धरलं, कुणाला कळू नये असं. खाली मान घालून, ओठ न हलवता म्हणाली, "आई, नको ना. त्यांच्याकडच्या बाया बघून राह्यल्या. उद्या काही इकडचं तिकडं झालं तर मला म्हणतील."

तिनं "मला" म्हटलं. मी सगळ्यांना उत्तर तयार ठेवलं होतं. दिराला, जावेला, सरपंचाला, राजूरकरांना. लेकीसाठी ठेवावं लागेल, हे मनातही आलं नव्हतं. मी जे भोगलं ते तिनं सातवीपासून बघितलं होतं, दारातून, खिडकीतून, रोज. तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं की म्हणतील म्हणजे काय म्हणतील. गावाशी मी मरेपर्यंत भांडले असते. पण तिच्या त्या भीतीशी कशी भांडू? ती भीती मीच तिच्यासमोर जगत आले होते.

मी बोटं पदराला पुसली. म्हटलं, "चालू द्या, चालू द्या. मी आपली वाटी सरकवायला आल्ते." आणि धान्याच्या खोलीत जाऊन ज्वारीच्या पोत्यांवर बसले. बाहेर गाणं पुन्हा सुरू झालं. ते ऐकता ऐकता मला पहिल्यांदा त्या घुबडांचा राग आला. बिचाऱ्या पाखरांचा काय दोष? पण आला. वाटलं, त्या दिवशी दिराला धूर करू दिला असता तर बरं झालं असतं. मंग स्वतःचीच लाज वाटली, आणि मंग तीही वाटेनाशी झाली.

दारात मॅडम आली. तिला बाहेर काय घडलं ते नीट दिसलं होतं की नाही, देव जाणे. म्हणाली, "ताई, इथं का बसलात एकट्या? चला ना. तुम्ही, तुमची मुलगी आणि तो फोटो, असा एक फोटो काढायचाय. तुमच्याशिवाय कसा काढणार?"

मी तिच्याकडं बघितलं. चांगली पोरगी. आवाज अगदी साधा निघाला. म्हटलं, "मॅडम, बाहेर शुभ काम चालू आहे. ते होऊ द्या. मला आत्ता न्हाई येता येणार."

ती घुटमळली. मंग मान हलवली. "हो, हो. बरोबर आहे तुमचं," म्हणाली, आणि जाताना माझ्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून दार हळूच लोटून घेतलं.